सहीचा अधिकार

१८८७ साली फिलाडेल्फियात पंडिता रमाबाईंचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघालं. रमाबाईंनी ते आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केलं होतं आणि त्याची प्रस्तावना लिहिली होती रेचल बॉडली यांनी. बॉडली तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन होत्या, विषय रसायनशास्त्र. डॉ. आनंदीबाई जोशींनी ११ मार्च १८८६ला पदवी घेतली ती याच कॉलेजातून. आनंदीबाईंची गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कल्याण, गोपाळराव, बोटीचा प्रवास, थंडी, क्षय. त्या गोष्टीतला एक तपशील मात्र सहसा कुणी सांगत नाही. अठरा वर्षांच्या आनंदीबाई त्या कॉलेजात शिरल्या तेव्हा डीनच्या खुर्चीत एक बाई बसलेली होती. आणि ती काही पहिली नव्हती. १८६६ साली अ‍ॅन प्रेस्टन तिथे डीन झाल्या होत्या.

पदवी मिळाल्यावर आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानातून बोलावणं आलं. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली होती. हाताखाली राहून शिकण्याची ही नोकरी नव्हती, विभाग चालवण्याची होती. ते काम त्यांच्या हातून व्हायचं नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायची होती. आपण त्यांची पदवी लक्षात ठेवली आणि मृत्यू लक्षात ठेवला. मला मात्र ती नेमणूक पुन्हा पुन्हा आठवते. त्या विभागात कोणती औषधं मागवायची, दाई कोण ठेवायची, रात्री कुणाला थांबवायचं, हे एका मराठी बाईच्या सहीने ठरणार होतं.

या पुस्तकातले लेख त्या सहीबद्दल आहेत. मुलीने डॉक्टर कसं व्हावं हा त्यांचा विषय नाही. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या समाजाने बऱ्याच अंशी दिलं आहे. एमबीबीएसच्या कुठल्याही वर्गात आज डोकावलं तर ते दिसतं. डॉक्टर झाल्यावर, शिकवू लागल्यावर, वीस-पंचवीस वर्षं वॉर्ड सांभाळल्यावर त्या बाईचं काय होतं, ती कुठवर पोचते आणि कुठे अडते, हे इथे त्या त्या लेखिकेने आपल्या अनुभवातून मांडलं आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हॉस्पिटल म्हणजे डॉक्टर आणि रोगी. आतल्या माणसाला माहीत असतं की हॉस्पिटल कागदावर चालतं. अधिष्ठात्यांची सही झाली नाही तर व्हेंटिलेटरची खरेदी पुढच्या आर्थिक वर्षात जाते. विभागप्रमुखाच्या सहीशिवाय निवासी डॉक्टरची रजा मंजूर होत नाही, प्रबंधाचा विषय पुढे सरकत नाही, ड्यूटीचा तक्ता लागत नाही. गोपनीय अहवालात वरिष्ठाने लिहिलेल्या दोन ओळींवर सहयोगी प्राध्यापकाची बढती अवलंबून असते. कोणत्या युनिटला किती खाटा, कुणाला आठवड्यातून दोन थिएटर आणि कुणाला एकच, परीक्षक म्हणून कुणाचं नाव पाठवायचं, संशोधनाचा पैसा आधी कुणाकडे वळवायचा, या सगळ्यावर कुणाची तरी सही असते. नेतृत्व या शब्दाभोवती भाषणांत फार फुलं वाहिली जातात. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ इतकाच की सही कुणाची चालते.

मुंबईत ही सही बाईच्या हाती फार लवकर आली होती. जॉर्ज किट्रेज या अमेरिकन व्यापाऱ्याने आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी पुढाकार घेऊन वैद्यक शिकलेल्या स्त्रिया मुंबईत आणण्यासाठी निधी उभा केला. पेस्तनजी होरमसजी कामांनी हॉस्पिटलसाठी देणगी दिली. १८८३च्या अखेरीस एडिथ पीची मुंबईत उतरल्या. एडिंबरोत वैद्यकाचं शिक्षण मिळावं म्हणून झगडलेल्या सात जणींपैकी त्या एक. रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळवूनही केवळ बाई म्हणून त्यांना शिष्यवृत्ती नाकारली गेली होती. १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं ते त्यांच्या देखरेखीखाली, आणि तिथे डॉक्टर सगळ्या स्त्रियाच असतील हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं. पीचीबाईंनी तिथे परिचारिकांचं प्रशिक्षण सुरू केलं, स्त्री डॉक्टरांना पुरुषांइतकंच वेतन मिळावं म्हणून आग्रह धरला, आणि मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही असं कोर्टात ठामपणे सांगणाऱ्या रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी लंडनला पाठवण्याच्या खटपटीतही पीचीबाई होत्या. रखमाबाई शिकून परत आल्या आणि सुरतेला, पुढे राजकोटला, त्यांनी स्त्रियांचं हॉस्पिटल सांभाळलं, तेही थोडाथोडका काळ नव्हे, तीस वर्षांहून अधिक. त्यांच्या खटल्यावर आपण खूप लिहिलं. त्यांनी चालवलेल्या हॉस्पिटलवर फारच कमी.

सही मिळाली, पण सगळीकडे ती पुरी नव्हती. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि देशभर स्त्रियांची हॉस्पिटलं निघाली. त्यात बसलेल्या डॉक्टर बाईवर जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनची देखरेख असे. सिव्हिल सर्जन म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिसचा पुरुष अधिकारी. बाळंतिणीच्या खोलीत पडद्यामुळे तो पाऊल ठेवू शकत नव्हता, तरी हॉस्पिटलवर शब्द त्याचा चाले. काम बाईचं, अधिकार दुसऱ्याचा. याला कंटाळून इथल्या वैद्यकीय स्त्रियांनी १९०७ साली आपली संघटना बांधली, सरकारकडे गाऱ्हाणी नेली, आणि १९१४ साली विमेन्स मेडिकल सर्व्हिस ही स्वतंत्र सेवा मिळवली. या पुस्तकातले काही लेख वाचताना मला तो सिव्हिल सर्जन जागोजाग भेटला. त्याचा गणवेश बदलला आहे, एवढंच.

आता जेरुशा झिराड यांच्यापाशी मला जरा थांबायचं आहे, कारण त्यांच्याकडे मराठी वाचकाचं दुर्लक्ष झालं आहे. बेने इस्रायली घरातली ही मुलगी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकली, सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेली. पहिलं महायुद्ध चालू होतं. पुरुष डॉक्टर आघाडीवर गेल्यामुळे हॉस्पिटलांत जागा रिकाम्या होत्या आणि एरवी परदेशी मुलीला मिळाली नसती अशी नोकरी तिला मिळाली. १९१९ साली ती लंडन विद्यापीठाची एम.डी. झाली. १९२८ साली डॉ. झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. त्या खुर्चीतल्या त्या पहिल्या भारतीय. १९४७पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, ते हॉस्पिटल त्यांनी चालवलं. या काळात त्यांनी मुंबईतल्या मातामृत्यूंची पाहणी हाती घेतली. बाळंतपणात बाई दगावली की नशिबाला बोल लावण्याचा तो काळ. किती दगावल्या आणि कशाने, हे मोजायला बसणं हेच मोठं पाऊल होतं. ती मोजणी करायला वॉर्डातली डॉक्टर पुरत नाही. कारकून लावायला, नोंदी मागवायला, दुसऱ्या हॉस्पिटलांना पत्रं धाडायला अधिकार लागतो. देशभरच्या प्रसूतितज्ज्ञांचा महासंघ १९५० साली उभा राहिला तेव्हा त्याचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. त्यांचं चरित्र कुणीतरी मराठीत नीट, मोठं लिहायला हवं.

स्त्रियांसाठी वेगळी काढलेली ही हॉस्पिटलं आणि कॉलेजं म्हणजे एक प्रकारची भिंतच होती. पुरुषांच्या मुख्य प्रवाहाच्या बाहेर, पडद्याच्या सोयीसाठी बांधलेली. पण भिंतीच्या आतल्या सगळ्या खुर्च्या बायकांच्या होत्या आणि त्याचा परिणाम पुढच्या दोन-तीन पिढ्यांवर झाला. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज १९१६ साली मुलींसाठी निघालं. सुशीला नायर तिथे शिकल्या. पुढे त्या देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६९ साली त्यांनी आपल्या सेवाग्रामला खेड्यातलं मेडिकल कॉलेज उभारलं. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती लेडी हार्डिंगमध्ये शिकवायच्या आणि तिथेच त्यांनी हृदयरोगाचं क्लिनिक काढलं. १९६७ साली त्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या प्रमुख झाल्या. डॉ. स्नेह भार्गव लेडी हार्डिंगच्याच विद्यार्थिनी. दिल्लीच्या ‘एम्स’च्या संचालकपदी त्यांची नेमणूक झाली तो दिवस होता ३१ ऑक्टोबर १९८४. त्याच सकाळी गोळ्या लागलेल्या इंदिरा गांधींना एम्समध्ये आणलं गेलं. पदावरचा पहिला दिवस, बाहेर लोटलेली गर्दी, आत शस्त्रक्रिया, आणि देशाच्या पंतप्रधानांचा मृत्यू जाहीर होईपर्यंत सगळं संयमाने सांभाळणं. त्यांनी ते केलं. नंतर १९९०पर्यंत ती संस्था चालवली. एम्स स्थापन करणारा कायदा १९५६ साली संसदेत आणला राजकुमारी अमृत कौर यांनी. त्या संस्थेला आजवर स्त्री संचालक लाभल्या त्या भार्गव एकट्याच.

नायर, पद्मावती आणि भार्गव या तिघींचा धागा एकाच कॉलेजाशी जुळतो, याला मी योगायोग म्हणत नाही. ज्या मुलीने प्राचार्यांच्या खोलीत बाई पाहिली, शल्यक्रियेच्या टेबलापाशी बाई पाहिली, बजेटवर भांडणारी बाई पाहिली, तिला त्या खुर्चीत स्वतःची कल्पना करता येते. जिने पाहिली नाही तिला ती धडपडून करावी लागते, आणि त्या धडपडीत बरीच शक्ती जाते. स्वातंत्र्यानंतर विमेन्स मेडिकल सर्व्हिस राहिली नाही. वेल्लोरचं मुलींचं कॉलेज १९४७ साली मुलांनाही खुलं झालं. भिंती पडल्या, आणि त्या पडायलाच हव्या होत्या. वेगळ्या कॉलेजांकडे परत जाण्याची माझी मुळीच इच्छा नाही. पण भिंतीबरोबर त्या राखीव खुर्च्याही गेल्या, आणि एकत्र संस्थांमध्ये नव्या खुर्च्या आपोआप मिळतील हा आपला विश्वास भाबडा होता. अमेरिकेतही हेच घडलं. आनंदीबाईंच्या कॉलेजात १८६६पासून स्त्री डीन होत्या. अमेरिकेतल्या पहिल्या दहांत गणल्या जाणाऱ्या मेडिकल स्कूलला स्त्री डीन मिळायला २००७ साल उजाडलं, ड्यूक विद्यापीठात, डॉ. नॅन्सी अँड्र्यूज.

माझा स्वतःचा एक अनुभव लिहिते. विभागप्रमुखपदासाठी मुलाखत होती. पंधरा वर्षं शिकवून झाली होती, शोधनिबंध होते, युनिट मी एकटी चालवत होते. समितीतल्या एका वरिष्ठांनी फाइल मिटली आणि विचारलं, “मॅडम, मुलं कितवीत आहेत?” मी सांगितलं. “मग दहावीचं वर्ष आहे म्हणजे. कसं जमवणार?” माझ्यानंतर आत गेलेल्या सहकाऱ्याची मुलगीही दहावीत होती, माझ्याच मुलाच्या वर्गात. त्याला कुणी विचारलं नाही. ते वरिष्ठ वाईट माणूस नव्हते. माझी काळजी वाटली म्हणूनच त्यांनी विचारलं असेल. त्या काळजीची मला पाच वर्षं किंमत मोजावी लागली.

वॉर्डातही हेच, लहान लहान रूपांत. राउंडला पुढे मी, मागे निवासी डॉक्टरांचा घोळका. रोग्याचे नातेवाईक घोळक्यातल्या उंच मुलाकडे बघून विचारणार, “सर, घरी कधी सोडाल?” पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथो अडकवून उभ्या असलेल्या मुलीला “ओ सिस्टर, जरा सलाइन बघा” म्हणणार. सिस्टर म्हणवून घेण्यात कमीपणा नाही, माझी निम्मी विद्या मी सिस्टरांकडून शिकले. पण त्या हाकेमागे एक समजूत असते की निर्णय घेणारा तो आणि सेवा करणारी ती. तीच समजूत पुढे निवड समितीच्या टेबलाशी येऊन बसते.

मुली अडतात कुठे, याचा हिशेब मांडायला फार संशोधन लागत नाही. पदव्युत्तर शिक्षण, लग्न, पहिलं मूल आणि सहायक प्राध्यापकाची पहिली नेमणूक ही सगळी एकाच सात-आठ वर्षांत येतात. नेमणूक बऱ्याचदा कंत्राटी किंवा तात्पुरती असते. मध्येच खंड पडला की ज्येष्ठता मागे जाते आणि एकदा मागे गेलेली ज्येष्ठता निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. मग येते बदली. बढती हवी तर दुसऱ्या जिल्ह्यात जा. पुरुष जातो तेव्हा मागचं घर चालू राहतं. बाई जाते तेव्हा घर कोण चालवणार हा प्रश्न तिच्याआधी दुसऱ्यांनाच पडतो. कितीतरी हुशार बायकांनी हात जोडून बढती नाकारल्याचं मी पाहिलं आहे. कागदावर तिथे लिहिलेलं असतं, ‘स्वेच्छेने’. सरकारी भरतीत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण १९९४च्या महिला धोरणापासून आपल्या राज्यात आहे, आणि त्याने आत येण्याचं दार रुंद झालं हे निःसंशय. पण ते दारापाशीचं आरक्षण आहे. वरच्या जिन्याचं काय करायचं, याचा विचार व्हायचा आहे.

इथे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाकडे, ‘एएफएमसी’कडे बघण्यासारखं आहे. तिथे मुलींच्या जागा मुलांपेक्षा खूप कमी असतात. तरीही २००४ साली डॉ. पुनीता अरोरा त्या महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. तिथेच शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या आणि २०२१मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. २०२४मध्ये डॉ. साधना सक्सेना नायर लष्कराच्या वैद्यकीय सेवेच्या आणि डॉ. आरती सरीन तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. दोन्ही पदांवर आलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. सैन्यासारख्या पुरुषी समजल्या जाणाऱ्या ठिकाणी हे का जमलं? मला वाटतं, तिथे जिना स्पष्ट आहे. बदली सगळ्यांनाच असते, म्हणून बदलीला जाणारी बाई वेगळी दिसत नाही. राहायला क्वार्टर मिळतं. ज्येष्ठता काय, निवड कशी, हे लिहिलेलं असतं. कुणाची मुलं कितवीत आहेत यावर ते अवलंबून नसतं. सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण नागरी आरोग्यखात्याला तिथून उचलण्याजोगं बरंच आहे.

नेतृत्वाची चर्चा डॉक्टरांपुरती ठेवली तर ती अर्धवट राहील, आणि या पुस्तकाच्या संपादकांनी ती तशी ठेवली नाही याचा मला आनंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत आणि वरच्या पदांवर मात्र सुमारे २५ टक्के. त्या सत्तर टक्क्यांत बहुसंख्य कोण आहेत? अधिपरिचारिका, परिसेविका, आरोग्य सेविका, आशाताई. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या अधिसेविकेला, आपण जिला मेट्रन म्हणतो तिला, हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचा नकाशा ठरवताना बोलावतात का? बोलावलं असतं तर सिस्टरांच्या टेबलावरून शेवटची खाट दिसत नाही असे वॉर्ड बांधले गेले नसते. आशाताई २००५पासून गावोगाव फिरत आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. त्यांना सरकार अजून स्वयंसेविकाच म्हणतं. पगार नाही, मानधन. जिच्या घरोघरच्या माहितीवर जिल्ह्याचे आकडे उभे राहतात तिची सही कुठल्याच निर्णयावर नाही. याच ग्रामीण महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत आणि सरपंच बायका धनादेशावर सही करतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. खुर्चीपर्यंत पोचलेल्या आम्ही बहुतेक जणी शहरातल्या, शिकलेल्या घरांतल्या आणि वरच्या जातींतल्या आहोत. आमच्यामागे आई होती, सासू होती, पोळीवाल्या मावशी होत्या. आमच्या अडचणींना ‘स्त्रियांच्या अडचणी’ असं नाव देऊन आम्ही मोकळ्या झालो. वसतिगृहात आडनाव विचारून अंतर ठेवलं गेलेल्या मुलीची अडचण आमच्यापेक्षा वेगळी आणि कितीतरी जड होती. ती आमच्याच हाताखाली शिकत असताना आम्हाला ती दिसली नाही. या संग्रहातले दोन लेख वाचताना मला मान खाली घालावी लागली. वाचकांनी ते आधी वाचावेत.

ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरवर अत्याचार झाला, तिला मारलं गेलं, त्यानंतर देशभर निवासी डॉक्टर रस्त्यावर आले. त्यांच्या मागण्यांच्या यादीत काय होतं? आतून कडी लागणारी खोली. दिवा असलेला रस्ता. स्वच्छतागृह. हे मागण्यासाठी संप करावा लागला. रात्री दोन वाजता थिएटरमधून बाहेर पडून पाठ टेकायला जागा शोधणं ज्यांना माहीत आहे अशा बायका बांधकामाच्या समितीवर असत्या तर यातलं बरंचसं फार आधी झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या निवृत्तीनंतर तीन वर्षांनी माझीच एक विद्यार्थिनी विभागप्रमुख झाली. तिला भेटायला गेले तेव्हा खोलीत फारसा बदल नव्हता. तेच लोखंडी कपाट, तोच टेबलावरचा काचेचा तुकडा, खाली दाबून ठेवलेला ड्यूटीचा तक्ता. बोलता बोलता शिपाई आत आला आणि म्हणाला, “मॅडम, मीटिंगला सगळे आलेत.” मी घड्याळात पाहिलं, दुपारचे बारा वाजत होते. विभागाची मीटिंग माझ्या काळात संध्याकाळी साडेपाचला असे, माझ्या आधीही साडेपाचलाच. पाळणाघर सहाला बंद होई. मुलं लहान असताना मी कितीतरी वेळा जिन्यावरून धावत सुटले होते, पण त्या पदावर आल्यावरही ती वेळ बदलता येते हे मला कधी सुचलं नाही. मी तिला विचारलं, कधी बदललीस? तिने काचेखालचा एक कागद माझ्याकडे सरकवला. रुजू झाल्या दिवशीची तारीख होती. खाली तिची सही.